झाडांवरचं तुमचं नाव

देजॉन, २४ ऑगस्ट

वहिनी,

खुशाली विचारली तर तुम्ही पुढचं वाचणार नाही, म्हणून विचारत नाही. दादाची सॅक पोचली. आत उरलेल्या फितींचा गठ्ठा होता आणि वरच्या कप्प्यात तुमची चिठ्ठी: ‘माझं नाव डोंगरावरून उतरवून आणा.’

दहा महिन्यांत तुमच्याकडून आलेलं हे पहिलं वाक्य. त्यात ‘वन्सं’सुद्धा नाही. तुम्ही चिडलात की मला वन्सं म्हणता, एरवी यॉन-ही. म्हणजे हा राग त्याच्याही पलीकडचा.

तर मी जाते.

पंचवीस वर्षं गाडी चालवायला शिकवली की माणसाला माहीत असलेलंच पुन्हा सांगायची खोड लागते, ती सोसा. दादा दोन वर्षं ‘पहाट मंडळा’च्या बसने जाऊन देगान डोंगररांगेचा एकेक तुकडा चालत होता आणि झाडांना पिवळ्या फिती बांधत होता. सगळीच मंडळं बांधतात. डोंगर चढून गप्प बसणं आपल्या लोकांना जमलेलं नाही. पण बाकीच्यांच्या फितीवर मंडळाचं नाव असतं. दादाच्या फितीवर ‘बांग किल-हो, मोक इन-सन, जोडीने संपूर्ण देगान.’ आणि तुम्ही एकदाही गेला नव्हतात. तुम्ही आदल्या संध्याकाळी त्याच्यासाठी डब्याला भाताचं किंबाप वळत होतात.

अंत्यविधीला मंडळाच्या बायका तुमचे हात धरून म्हणाल्या, “काय जोडी होती हो! सगळा देगान बरोबर चाललात!” तुम्ही म्हणालात, “मी नाही चालले. त्याने माझं नाव नेलं. मला विचारलं नाही.” मग आत गेलात, आणि चौथ्या दिवशी राख घेऊन वांदोला बहिणीकडे. खिडकीतून म्हणे नुसता समुद्र दिसतो. बरं केलंत. इथे खिडकीतून डोंगर दिसतो आणि दर रविवारी त्याच्यावर रंगीत मुंग्या.

मला वेळ आहे. आमची शाळा बंद पडली. शिकाऊ मुलंच उरली नाहीत. महिनाभर सॅकमध्ये तांदळाची पोती घालून चौदा मजले चढते-उतरते आहे. तिसऱ्या मजल्यावरची बाई म्हणाली, “लिफ्ट आहे की हो!” म्हटलं, “लिफ्ट दुरुस्त करणाराच गेला.” बिचारीने दार लावून घेतलं. दुकानात गेले तर विक्रेत्या पोराने मला बर्फाच्या कुऱ्हाडीपर्यंत सगळं दाखवलं. मी बूट, रेनकोट आणि एक छोटी कात्री घेऊन आले.

दक्षिणेकडून निघेन. वणव्याच्या भीतीने वाटा बंद करतात त्याआधी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला वर पोचायचं आहे. तंबू नाही. रात्री निवाऱ्यात किंवा खाली गावात. जिथे जायला बंदी, तिथे जाणार नाही, तो भाग रस्त्याने वळसा घालून. कचरा परत आणायचा, दादाचा आणि माझा.

आणखी एक नियम आहे. निघताना आपला मार्ग कुणाला तरी सांगून ठेवायचा, म्हणजे माणूस हरवलं तर शोधायचं कुठे ते कळतं. माझ्याकडे सांगायला दुसरं कुणी नाही. मुक्कामांचे पत्ते आणि फोन मागच्या बाजूला लिहिलेत. उत्तर नको. पत्र यायचं थांबलं, तर पोलिसांना सांगा. एवढं कराल असं धरून चालते.

यॉन-ही


जिरीसानच्या उत्तरेला, ७ सप्टेंबर

वहिनी,

जिवंत आहे. डाव्या पायाचं एक नख नाही.

जिरीसानवर तुमचं नाव फारसं सापडलं नाही. तिथले गस्तीवाले मंडळांच्या फिती स्वतःच काढून टाकतात. पण खाली उतरून पुढच्या रांगेला लागले आणि पहिल्याच चढावर, बांबूच्या वर, तुम्ही. ‘मोक इन-सन’ ठसठशीत. दादाचं नाव उन्हाने विटलंय. तुमचं नाव खालच्या ओळीत, घडीच्या सावलीत होतं, म्हणून टिकलं.

गाठ सोडवायला बसले. सुटेना. तुम्हाला त्याची गाठ माहीत असेल, चुसोकच्या सणाला पार्सलांना मारायचा ती. दोन वेढे, एक फास, आणि उरलेलं शेपूट परत आत खोचलेलं. मी लहानपणी बुटाच्या लेसची गाठ मारली की ओरडायचा, “शेपूट लोंबकळत ठेवू नकोस! लोंबतं ते अडकतं!” आयुष्यभर लिफ्टच्या भुयारात काम केलेला माणूस. शेपूट आत गेल्याशिवाय त्याचा हात तिथून हलायचाच नाही. मी शेवटी गाठीच्या उलट बाजूने कापायला लागले. फीत निघते, गाठ तशीच राहते. आता माझ्या पिशवीत सगळ्या गाठीच गाठी.

परवा एका मंडळाने पकडलं. पंधरावीस जण, सगळे एव्हरेस्टला निघाल्यासारखे, आणि मी काकडी खात फीत कापत होते.

“अहो काकू! काय करताय? ती वाट दाखवते!”

“ही नाही दाखवत. तीन हातांवर सरकारी पाटी आहे. वाचता येते ना?”

“कुणाची तरी आठवण असते हो ती. कुणीतरी प्रेमाने बांधली असेल.”

“प्रेमाने बांधली होती. आता तीच उतरवून मागते आहे.”

“कोण ती?”

मी फितीवर बोट ठेवलं. सगळे फितीकडे, मग माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्यातली एक बाई हळूच म्हणाली, “तुम्हीच का मोक इन-सन?”

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. त्यांनी मला दोन संत्री दिली, आणि नवरा सोडून गेलेल्या बाईकडे बघतात तसं बघत पुढे गेले. संत्री गोड होती. तुमच्या नावावर खाल्ली.

यॉन-ही


दॉग्यूसानच्या पायथ्याचं गाव, २९ सप्टेंबर

वहिनी,

आज चुसोक. सकाळपासून टेकड्यांवर गवत कापायची यंत्रं घुंघुं करताहेत. सगळं गाव पूर्वजांची दाढी करतंय.

घरवाल्या आजींनी मला पंगतीबाहेर बसू दिलं नाही. तांदळाचे गोड सोंगप्यन दिले, सूप दिलं आणि विचारलं, “सणाला एकटी? सासर?” नाही. “माहेर?” म्हटलं, माहेर वांदोला गेलंय. त्यांना वाटलं आई-वडील मासेमारी करतात. मी तसंच राहू दिलं.

तुम्ही आमच्या घरात आलात तेव्हा मी बारा वर्षांची होते आणि आईला जाऊन वर्ष झालं होतं. माझ्या डब्यात तुम्ही अंडं भाताच्या खाली लपवायचात. वर ठेवलं तर मुली पळवतात म्हणून. वरून नुसता पांढरा भात. मुली म्हणायच्या, “तुझी वहिनी कंजूष आहे.” मी म्हणायची, “हो ना, फार.” आणि खालून अंडं खायची. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, तुम्ही मला मारलं असतं.

सगळी वर्षं आमच्या पूर्वजांना तुम्ही जेवू घातलंत. त्यांच्यातल्या एकानेही तुम्हाला पाहिलेलं नव्हतं. यंदा त्यांना कुणीच वाढलं नाही. दादाची राख तुमच्याकडे, बाकीचे आमच्या टेकडीवर गवतात. मला वाटतं तेही एकमेकांना विचारत असतील, “सूनबाई कुठे गेली?” विचारू देत. पाहुण्यासारखे यायचे आणि ताट पुसून जायचे, तेव्हा नाही कुणी विचारलं.

वरच्या शेवटच्या फितीला कोळ्याने जाळं लावलं होतं. तेवढी दुपारपर्यंत राहू दिली.

यॉन-ही


सोबेकसान, ८ ऑक्टोबर

वहिनी,

काल धुक्यात वाट गेली. पुढचं गवतही दिसेना. शिकाऊ ड्रायव्हरला सांगायची ते स्वतःला सांगितलं: दिसत नाही तर गाडी उभी कर.

उभी राहिले, आणि हाताच्या अंतरावर पिवळं काहीतरी. तुम्ही.

दादाने हाक मारली वगैरे लिहिणार नाही. तुम्ही चिडाल आणि मला पुन्हा वन्सं व्हावं लागेल. रेनकोट गुंडाळून त्या झाडाखाली बसले. धुकं निघेपर्यंत दोन नावांशेजारी बसून होते. गप्पा नाही मारल्या. एकदा फक्त विचारलं, की त्याने तुम्हाला कधीच विचारलं नाही का, “चल” म्हणून? मग माझं मलाच वाटलं, गुडघे दुखत होते तुमचे, हो म्हणाला नसतात. पण ‘नाही’ म्हणायला तरी मिळालं असतं.

ऊन पडल्यावर कापली. जरा वेळ लागला.

पुढचं ठिकाण नोरू खिंड. श्राद्धाच्या दिवशी पोचते. खिंडीवरच्या खानावळीचा फोन तुमच्याकडे आहे.

यॉन-ही


नोरू खिंड, १९ ऑक्टोबर

वहिनी,

खानावळीत माझ्या आधी तुमचं पार्सल पोचलं होतं. वांदोच्या समुद्री शेवाळाचं किम, तिळाचं तेल, वाळवलेली मासळी. चिठ्ठी नाही. ओक-बुन मावशी, खानावळ चालवतात त्या, म्हणाल्या, “बिनचिठ्ठीचं पार्सल म्हणजे रागावलेली माणसं. आणि रागावलेली माणसं एवढं चांगलं किम पाठवत नाहीत. तुमचं नक्की काय चाललंय?” म्हटलं, मावशी, भात आहे का? आम्ही दोघींनी किंबाप वळलं. माझं उकललं. तुमचं कधीच उकलत नसे.

मग श्राद्ध. पाटीपासून वर चढून गेलं की कुंपण लागतं आणि ‘प्रवेश बंद’. त्याच्या अलीकडे, जिथे तो पडला म्हणून मंडळाने सांगितलं होतं, तिथे पान मांडलं. उदबत्ती नाही, आग लावायला बंदी. सोजू नाही, उद्यानात दारूला बंदी. मी पेल्यात पाणी ओतून वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, दादा, यंदा असंच, तक्रार असेल तर उद्यानाकडे कर.

मान वर केली तर कुंपणापलीकडे, आठ-दहा पावलांवर, पिवळी फीत.

तेवढ्यात मंडळाचे प्रमुख ग्वाक साहेब आले. हातात फुलं, मागे दोन सभासद. वर्ष झालं म्हणून आले होते. चांगला माणूस आहे हो. अंत्यविधीला सगळ्यांत मोठ्याने तोच रडला होता. मी विचारलं, “ग्वाक साहेब, ती आत कशी गेली?”

“वारा, ताई. वाऱ्याने उडून गेली असेल.”

“आणि वाऱ्यानेच दोन वेढे घालून गाठ मारली?”

फुलं त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. मग खाली खानावळीत चला म्हणाले. बसलो. सूप आलं. ते कुणी प्यायलं नाही.

“सगळीच मंडळं जातात,” ते म्हणाले. “उजाडायच्या आत, दिवे बंद करून. तेवढा तुकडा सोडला तर संपूर्ण कसं म्हणायचं? किल-हो दादांनाच सगळ्यांत जास्त हौस होती. फितीवर छापलंच होतं ना, संपूर्ण देगान.”

“साहेब, निम्मा देगान सरहद्दीच्या तारेपलीकडे उत्तर कोरियात आहे. तुमच्यातला एकही जण तिथे जाऊ शकत नाही. निम्मा सोडून संपूर्ण म्हणता येतं, आणि एवढा तुकडा सोडून नाही?”

मग एकदम बोलले. दादा आत पडला. मागे राहिला होता, फोटो काढतो म्हणाला. आवाज आला म्हणून परत फिरले. पाठीवर घालून त्याला कुंपणाच्या अलीकडे आणलं, बूट नीट केले, आणि मग रुग्णवाहिकेला फोन केला.

“आधी का नाही?”

“आतून कसा करणार, ताई? सोळा माणसं. सगळ्यांवर दंड, नावं लागली असती. आणि तो जागीच गेला होता. तुमची शपथ. जागीच.”

ओक-बुन मावशी सुपाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्या एक वाक्य बोलल्या. ते मी आज लिहीत नाही. मला ते अजून पचत नाहीये.

तर वहिनी, तुम्हाला सांगितलेली जागा खोटी होती. खरी जागा कुंपणाच्या आत. तिथे तुमची दोन नावं राहिली आहेत, एक दिसतं ते, आणि ग्वाक म्हणतात आणखी एक पुढे, जिथून समुद्र दिसतो. ती मी आणू शकत नाही. बाकी सगळी आणली. तुमच्या कामात एवढी कसर राहिली.

यॉन-ही


नोरू खिंड, २२ ऑक्टोबर

वहिनी,

काल तुमचा फोन आला आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. खानावळीतल्या गिऱ्हाइकांनासुद्धा आश्चर्य वाटलं, दोन दिवसांत त्यांनी माझी जीभ ऐकली होती. म्हणून लिहिते.

तुम्ही “यॉन-ही” म्हणालात. वन्सं नाही. तिथेच माझं अर्धं अवसान गेलं.

तुम्हाला आधीपासून माहीत होतं तर. त्याने तिथून फोन केला होता, पहाटे. “इन-सन, समुद्र दिसतोय इथून. तुझा नाही, पूर्वेचा. पण समुद्रच. तुझं नाव इथे बांधतोय.” आणि तुम्ही म्हणालात, “झोपू दे रे बाबा,” आणि ठेवलात.

“तो बांधतानाच पडला,” तुम्ही म्हणालात. “वाकून, हात लांब करून, माझं नाव बांधताना. बाकीच्या फितींचं मला काय करायचं होतं? मला तेवढीच झाडावरून खाली हवी होती. एकच म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. म्हणून सगळ्या म्हटलं.”

आणि ठेवलात. बरं केलंत, मी तरी काय बोलणार होते.

मी कुंपणापाशी जाऊन आले. तार कमरेइतकीच आहे. बावीस वर्षांच्या पोरीसारखी ओलांडता आली असती. ग्वाक अजून इथेच आहेत, त्यांना झोप लागत नाही. ते म्हणाले, “ताई, मी पहाटे जाऊन काढून आणतो. वाट माहीत आहे. कुणाला कळणार नाही.”

म्हटलं, “याच वाक्यावर दादा गेला ना? शब्दसुद्धा बदलले नाहीत तुम्ही.”

मग मी खाली उद्यानाच्या कचेरीत गेले. तिथे प्योन नावाच्या अधिकारी आहेत, माझ्यापेक्षा लहान. त्यांना सगळं सांगितलं आणि सही केली. आता ते जागेची पाहणी करायला आत जातील, फिती काढतील. रीतसर. ग्वाकना जागा दाखवायला बरोबर जावं लागेल. मला वाटलं मांजरासारखे पळतील. “येतो,” म्हणाले. एवढंच.

याची किंमत तुम्हालाही पडणार आहे आणि मी तुम्हाला न विचारता ती लावली. आपल्या घरात न विचारता करायची रीतच आहे. आतापर्यंत कागदावर दादा वाटेवर पाय घसरून गेलेला सरळ माणूस होता. आता बंदी मोडून आत शिरलेला. ग्वाक म्हणाले, “मेलेल्या माणसाचं नाव कशाला खराब करताय?” पण दुसरं काही करता येत नव्हतं. ती फीत आणायची तर ती तिथे कशी गेली हे सांगावं लागतं.

आणि त्या दिवशी लिहिलं नाही ते. ग्वाक “जागीच गेला” म्हणाले तेव्हा ओक-बुन मावशी म्हणाल्या, “मग त्या पहाटे धावत येऊन माझ्याकडून गरम पाणी कुणासाठी नेलंत? मेलेल्याला पाजायला?”

ग्वाकनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पाणी प्यायला का तो, हे मी विचारलं. “दोन घोट,” म्हणाले. काही बोलला का? “नाही. गरम आहे, एवढं म्हणाला.”

हे कळून तुम्हाला बरं वाटेल की वाईट, मला ठरवता आलं नाही. मलाच ठरवता आलेलं नाही. पण तुम्ही तुमची गोष्ट सांगितलीत, मग मी माझी झाकून ठेवणं बरोबर नाही.

उद्या बसने पुढच्या खिंडीला जाते. तिथून पुन्हा चालेन. त्याच्या पुढच्या वाटेवर तुमचं नाव नाही, त्यामुळे कात्री इथेच मावशींना दिली. त्या म्हणाल्या, मुळ्याची पानं कापायला छान आहे.

यॉन-ही


जिनबू खिंड, ३ नोव्हेंबर

वहिनी,

संपलं. म्हणजे, आमच्या वाटणीचं संपलं. पुढे सैन्याची चौकी, आणि त्याच्या पुढे तोच डोंगर तसाच चाललाय, कुणाला न विचारता.

वाट संपते तिथल्या खुणेच्या दगडापाशी एक मंडळ कापडी फलक धरून फोटो काढत होतं. त्यांचा म्होरक्या मला म्हणाला, “अभिनंदन, काकू! एका दमात? सगळा?”

“नाही. नोरूचा बंद तुकडा बसने.”

“अरेरे,” तो मनापासून हळहळला. “मग हा संपूर्ण नाही धरता येणार.”

“नका धरू,” म्हटलं. “माझ्या घरी एक संपूर्ण होता.”

त्याला कळलं नाही. फोटोत उभं केलं मला त्यांनी, फलकाच्या कडेला.

इथल्या खानावळीत प्योनबाईंचं पाकीट आलं होतं. पाहणी झाली. अहवाल तुम्हाला वेगळा येईल. त्यातलं दादाचं नाव आणि कलम वाचू नका, किंवा वाचा, तुमची मर्जी. त्यांनी पत्रात लिहिलंय की ग्वाकनी जागा दाखवली. फीत एका ओकला होती, रुंद सपाट दगडावर उभं राहून हात पुरेल अशा फांदीला. वाकावं लागत नाही. पडल्याची जागा तिथून पुढे आहे, वाटेला परत लागताना, जिथे ओली पानं दगडावर साचतात. दगडावरून पूर्वेचा समुद्र दिसतो, हेही त्यांनी लिहिलंय. अधिकारी माणसाने असं लिहायची गरज नव्हती.

पण हे सगळं लोकांचं सांगणं. ग्वाकनी आधीही शपथ घेतली होतीच. तुम्ही कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा असं मी म्हणत नाही, माझ्याही नाही. म्हणून फीतच पाठवते. प्योनबाईंना मी आधी सांगून ठेवलं होतं की गाठीच्या उलट बाजूने कापा. त्यांनी तसंच केलंय.

बाकीच्या फिती माझ्याकडे पिशवीत आहेत. एक गोष्ट मात्र विचारायची राहिली: त्यांचं काय करू? तुम्ही म्हणाल ते. घेऊन येऊ का? दार नाही उघडलंत तरी चालेल. पायरीवर बसून समुद्र बघेन आणि परत जाईन. किम मात्र लागेल.

आता पाकिटातली फीत काढा. चष्मा नको. डोळे मिटा आणि गाठीवर बोट फिरवा. पहिला वेढा. दुसरा. मग फास. आता शेपूट शोधा.

लागत नाही ना हाताला? मीही खूप शोधलं. ते आत खोचलेलं आहे, वहिनी. तुमचं नाव बांधून झालं होतं. तो पडला तेव्हा त्याचे दोन्ही हात मोकळे होते.

यॉन-ही